पत्रकातली दुसरी ओळ

त्या उन्हाळ्यात मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्रक लिहिलं, आणि त्यातली दुसरी ओळ खोटी होती. पहिली ओळ होती, 'दामोदरला नदीने मारलेलं नाही.' दुसरी, 'पाणी सोडण्याआधी भोंगा वाजलाच नाही.' खाली आणखी वीसेक ओळी होत्या, पण मोर्च्यात लोकांच्या तोंडी बसली ती दुसरीच. भोंगा वाजला होता. मी तो ऐकला होता. हे पुस्तक लिहिताना मी दोनदा या उन्हाळ्यापाशी आले आणि बाजूने निघून गेले, एकदा आजारपणाचं निमित्त काढून, एकदा नुसतं 'पुढच्या वर्षी' असं लिहून. आता निमित्तं संपली.

बाबा गिरणीतले. संप लांबला, गिरणी गेली, आणि आम्ही लालबागची खोली सोडून अंधेरीला औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत राहायला आलो. बाबांना वसाहतीतच एका कंपनीत वॉचमनची नोकरी लागली. कंपनी फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवायची. त्या रेझिनचा गोडसर, डोक्यात चढणारा वास बाबांच्या खाकी शर्टातून आमच्या अंथरुणापर्यंत यायचा. आईने तो वास कधी मान्य केला नाही. शर्ट वेगळ्या बादलीत, वेगळ्या दोरीवर. लालबागला आमचं घर भोंग्यावर चालायचं. घड्याळ होतं, पण ते लग्नात आलेलं, शोभेला. पहिल्या भोंग्याला आई स्टोव्ह पेटवायची, दुसऱ्याला आम्हा भावंडांना बदडून उठवायची, दुपारच्या भोंग्याला कालवण उतरवायची, कारण त्यानंतर थोड्याच वेळात बाबांच्या चपला जिन्यावर वाजायच्या. अंधेरीलाही कारखान्यांचे भोंगे होते, बारीक आवाजाचे. बाबा म्हणायचे, हा कसला भोंगा, ही पिपाणी. तरी त्या पिपाणीवर चहा मागायचे. भोंगा म्हणजे कोणीतरी सुटलं आणि कोणीतरी आत गेलं. याहून भोंग्याचा दुसरा काही अर्थ असू शकतो, हे मला विशी ओलांडली तरी माहीत नव्हतं.

कॉलेजात मी अभ्यास सोडून बाकी सगळं केलं. मुलुंडच्या विजयदादाने आम्हां काही पोरांचं मंडळ बांधलं होतं. तो रात्रशाळेत शिकवायचा, आणि त्याच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली सायक्लोस्टाइलचं मशीन होतं. तिथे मी लिहायला शिकले. वाक्य सात शब्दांचं. विशेषण एकच, आणि ते शिवीसारखं लागलं पाहिजे. 'कदाचित', 'बहुधा', 'असं ऐकिवात आहे' हे शब्द दिसले की विजयदादा पेनाने नाही, अंगठ्याच्या नखाने खोडायचा, स्टेन्सिल फाटेपर्यंत. 'शंका घरी ठेवून ये,' म्हणायचा. मला ते फार आवडायचं. संपात बाबा हरताना मी पाहिले होते, आणि ते हरले ते मवाळपणे बोलल्यामुळे, अशी माझी पक्की समजूत होती.

त्या वर्षी आमचा विषय होता एक नदी. तिचं नाव लिहीत नाही. काठच्या लोकांना ते कळेल आणि बाकीच्यांचं अडत नाही. घाटाखाली एक रसायनांचा कारखाना होता, त्याचं पिवळं पाणी नदीत यायचं, मासे उलटे होऊन तरंगायचे. मी पत्रकात मेलेल्या माशांची यादी दिली होती. ते कॉलेजच्या गेटवर वाटताना एका काळ्यासावळ्या, खांद्याने रुंद पोराने पत्रक घेतलं, तिथेच उभं राहून शेवटपर्यंत वाचलं आणि परत आणून दिलं. म्हणाला, "बाई, तुमच्या नदीत समुद्रातली सुरमई कुठून आली? तिला काय पास काढून दिलेला?" तो दामोदर. खारदांड्याचा, कोळ्याचा. बापाची होडी काकाकडे, आई मासळी विकायला वांद्र्याच्या बाजारात, आणि हा पहिला कॉलेजात. मी चिडून विचारलं, मग काय लिहू? त्याने पेन घेऊन सुरमई खोडली आणि वर लिहिलं, 'जिताडा.' पुढच्या शनिवारी तो मुलुंडला मंडळाच्या बैठकीला हजर होता.

नदीकाठची गावं सभेला येत नव्हती. विजयदादाच्या डोक्यातून कल्पना निघाली की आपण रस्त्याने न जाता नदीनेच जावं. रंगीत, अरुंद होड्या पाण्यातून येताना दिसल्या की सगळं गाव काठावर येईल; मग पत्रक वाचायचं, सह्या-अंगठे घ्यायचे, पुढच्या गावाला. त्याने कुठल्याशा परदेशी मासिकात कायाकचे फोटो पाहिले होते. पवईच्या तलावावर एका हौशी क्लबाकडे तसली एक होडी होती. ती दामूने दोन दिवसांसाठी मागून आणली आणि बाबांच्या कंपनीत, रविवारी गाळा बंद असताना, तिचा साचा काढला. मालकाला बाबांनी काय सांगितलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पोटमाळ्यावर पडलेली काचेच्या कापडाची कात्रणं, तळाला उरलेलं रेझिन, हार्डनर मोजायला आईच्या औषधाचं झाकण. दामू साच्याला मेण चोळायचा, त्यावर कापड अंथरायचा, ब्रशने रेझिन दाबत जायचा, आणि तोंडाने त्याच्या काकाला शिव्या द्यायचा, कारण काका म्हणालेला की लाकडाशिवाय होडी म्हणजे बादली. काचेची कुसळं आमच्या कातडीत जायची. घरी आल्यावर आई खोबरेल लावून हात चोळायची आणि चोळताना चिमटेही काढायची. तीन रविवारांत तीन कायाक झाल्या. पहिली लाल. ती थोडी डावीकडे ओढायची, म्हणून दामूने ती स्वतःला ठेवली.

आईला दामू आवडला तो भांडणातून. तो रविवारी येताना सुके बोंबील नाही तर जवळा घेऊन यायचा आणि आमच्याकडे जेवायचा. आमचं कालवण मालवणी, नारळाच्या वाटपाचं. आई म्हणायची, "तुमच्या कोळ्यांका नारळ म्हायतच नाय काय रे?" तो पानावरून मान वर न करता म्हणायचा, "मावशी, नारळ घातला की मासा ताजा का शिळा, कोणाला कळतं? म्हणून तर तुम्ही घालता." आई त्याला उलथनं दाखवायची आणि आणखी भात वाढायची. नदीवर जायचं ठरलं तेव्हा आईने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तीन पोरगे आणि मी एकटी, हे तिचं दुखणं होतं. पाण्याची भीती तिने बोलून दाखवली नाही. दामूने तिला सांगितलं की हिला परत आणून देतो, आणि तुम्ही नाही घेतलीत तर आमच्याकडे बोंबील सुकवायला माणूस लागतंच. आई हसली, आणि हसली म्हणजे परवानगी मिळाली.

लोक विचारतात, अजूनही विचारतात, की तुमचं काही होतं का. नव्हतं. पवईच्या तलावात त्याने मला उलटी झालेली कायाक सरळ करायला शिकवली. मी दहादा नाकातोंडात पाणी जाऊन वर आले, तेव्हा तो काठावर बसून मगरीला हाका मारत होता, की ये गं, ही पत्रकवाली घेऊन जा, लय त्रास देते. एवढी मैत्री मला पुढे कोणाशी झाली नाही, एवढंच. प्रेम असतं तर लिहिलं असतं. या वयात कोणाची भीती आहे?

मे महिन्यात निघालो. दामूच्या काकाचा मासळीचा टेम्पो, त्यावर तीन होड्या उलट्या बांधलेल्या, आत आम्ही चौघं: मी, दामू, मुलुंडचा शिरीष आणि विजयदादा. विजयदादाला पोहता येत नव्हतं. तो पत्रकं, सह्यांचे कागद आणि खळीचा डबा घेऊन एस.टी.ने गावोगाव पुढे जाणार होता. टेम्पोच्या वासाने शिरीषने घाटापर्यंत तीनदा गाडी थांबवली. उन्हाळ्यात त्या नदीला पाणी असतं ते वरच्या वीजघरातून सोडलेलं. सकाळी सोडतात, दुपारी बंद करतात, एवढं विजयदादाने चहाच्या टपरीवर विचारून घेतलं होतं. आमच्या नदीबद्दलच्या ज्ञानाची हद्द तिथे संपत होती. त्यावर मी दोन पत्रकं आणि एक पथनाट्य लिहून बसले होते.

पहिल्या दिवशी सगळं विजयदादा म्हणाला तसं झालं. वळणावर आमच्या होड्या दिसल्या आणि पोरं ओरडत धावली, बायका धुणं टाकून उभ्या राहिल्या. दामूने पोरांना पाळीपाळीने कायाकमध्ये बसवलं, मी दगडावर चढून भाषण केलं. कागद अंगठ्यांनी भरला. संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर मुक्काम पडला. उजेड होता तोवर मी खळीचा डबा घेऊन पत्रकं चिकटवत फिरले. देवळाची भिंत, रेशन दुकानाचं दार, आणि नदीच्या उतारावर दोन लोखंडी खांबांवर उभी केलेली पत्र्याची पाटी. गंजलेली, सरकारी, रुंद, तोंड नदीकडे. सरकारी पाटीवर आपलं पत्रक चिकटवणं हा आमच्या कामातला एक खास आनंद असायचा. दोन पत्रकं शेजारी शेजारी लावल्यावर पाटी बरोबर झाकली गेली. मी लांब जाऊन बघितलं आणि मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीला पाणीच नव्हतं. दोन तास आम्ही होड्या दगडांवरून ओढल्या, फायबर खरवडल्याचा आवाज आला की दामू स्वतःचंच कातडं गेल्यासारखा कळवळायचा. दुपारी पात्राच्या मधोमध एक खडकाळ उंचवटा होता, करंजाच्या सावलीचा, तिथे जेवायला बसलो. आईने दिलेल्या भाकऱ्या, दामूच्या आईने दिलेली सुक्या बोंबलाची चटणी. कारखाना एका काठाला, थोडा वरच्या अंगाला दिसत होता. आणि भोंगा वाजला. लांबलचक, तीनदा.

दामूच्या हातातली भाकरी थांबली. समुद्रावरचा माणूस; कुठलाही आवाज त्याच्या लेखी कोणीतरी काहीतरी सांगत असल्याचा. "हे काय गं वाजलं?"

"शिफ्ट सुटली. बस खाली."

"इतका लांब?"

"तू गिरणीवाल्याच्या पोरीला भोंगा शिकव आता."

तो बसला. शिरीष हसला. चटणी फिरली.

पाणी भिंतीसारखं आलं वगैरे काही नाही. ते न बोलता वाढलं. आधी होड्यांची शेपटं हलायला लागली, मग आमच्या चपला तरंगल्या. त्याचं आम्हांला हसूच आलं. मग काठ आणि आमच्यातला घोट्याएवढा ओहळ गुडघ्यापर्यंत गेला, आणि हसणं थांबलं. लाइफ जॅकेटं दोनच होती, ती मला आणि शिरीषला घातलेली. दामू म्हणायचा, मी घातलं तर दांड्यात तोंड दाखवता येणार नाही. आम्ही दोघं हात धरून काठाकडे निघालो, पाणी मांड्यांना लागलं, शिरीष पडला, मी त्याला ओढला. वर चढून वळले तर दामू अजून खडकावर. लाल कायाक सुटून निघाली होती. मी ओरडले, जाऊ दे रे तिला. त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. तो दोन हात मारून तिच्यापर्यंत पोहोचला, आत शिरला, वल्हं उचललं, आणि खरं सांगते, तो काठाला लागतच होता. होडी डावीकडे ओढली. खाली फरशी पूल होता, बैलगाड्यांसाठी बांधलेला, पाणी जायला त्याच्यात चार सिमेंटचे पाइप. होडी आडवी झाली आणि पाइपाच्या तोंडावर बसली. पाणी तिच्यावरून, त्याच्यावरून, पुलावरून जात राहिलं. आम्ही काठाने धावलो. गावचे लोक दोर घेऊन आले. पाणी बंद करायला कोणीतरी सायकलवर वीजघराकडे गेला. पाणी उतरलं तेव्हा चार वाजले असतील. त्याचा एक हात वल्ह्यावरच होता.

त्याच टेम्पोतून त्याला खारदांड्याला नेला. दुसऱ्या दिवशी दांड्यातली एकही होडी समुद्रात गेली नाही. त्याची आई, हिरामावशी, माझ्याकडे एकदाच बघून म्हणाली, "माझा पोर समुद्रात कवा बुडला नाय गो." एवढंच.

तिसऱ्या दिवशी विजयदादा आमच्या घरी आला. चहा प्यायला नाही. त्याने विचारलं, पाणी सोडण्याआधी वीजघर भोंगा वाजवतं म्हणतात, तो वाजला होता का? मी म्हटलं, एक वाजला, पण तो कारखान्याचा. मग म्हणाला, "म्हणजे पाण्याचा वाजला नाही. लिही." मी लिहायला बसले. दोन दिवस रडू आलं नव्हतं, ते लिहिताना आलं, आणि मला वाटलं, हेच खरं रडणं. मनात कुठेतरी, नखाएवढी, एक शंका होती. ती मी शिकवल्याप्रमाणे घरी ठेवली.

पत्रक पेटलं. वीजघराच्या गेटवर मोर्चा निघाला. दांड्यातून दोन टेम्पो भरून लोक आले, नदीकाठची गावं आली, जी आमच्या सभांना कधी आली नव्हती. पुढे हिरामावशी, छातीशी दामूचा फोटो. भोंगा वाजवायची ड्युटी असलेला ऑपरेटर, घाग नावाचा माणूस, आदल्याच दिवशी निलंबित झाला होता. त्याची बायको गेटपाशी आली. काहीतरी सांगायचं असावं; आम्ही बोलू दिलं नाही. हिरामावशी तिच्या तोंडासमोर जाऊन जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही. त्या बाईने पदर तोंडात धरला आणि ती मागे गेली. मी घोषणा देत होते. भोंगा वाजलाच नाही. माझी ओळ, हजार गळ्यांत.

मोर्चा पांगल्यावर मी एकटीच नदीकडे गेले. उताराच्या पाटीशी एक शेळी मागच्या पायांवर उभी राहून माझं पत्रक खात होती. खळ पिठाची, शेळ्या ती आवडीने खातात. एक पत्रक तिने संपवलं होतं, दुसरं लोंबत होतं. खालची अक्षरं पुसट होती, पण वाचता येत होती. वीजघराचा भोंगा तीनदा वाजताच नदीच्या पात्राबाहेर यावं. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग उरलेलं पत्रक ओढून काढलं. खाली एक बाई धुणं आपटत होती. तिने मला ओळखलं.

"तुम्हीच लावलेलं ना ते?"

मी म्हटलं, हो. तुम्ही कोणी काढलं का नाहीत?

"आम्हांला कशाला लागतीय पाटी? आम्हांला ठावं हाय. ती बाहेरच्यांसाठी."

मी विचारलं, त्या दिवशी भोंगा वाजला होता का. प्रश्न विचारणारं माणूस शुद्धीवर आहे का ते बघावं, अशी नजर तिने माझ्याकडे टाकली. म्हणाली, वाजला की. मशीन बिघडलेली, म्हणून सकाळचं पाणी दुपारी सुटलं. भोंगा ऐकून मीच पोरांना बाहेर बोलावली. मोर्च्यात तुम्ही ओरडत होता तेव्हा आम्हांला वाटलं, दुसऱ्या कुठल्या भोंग्याचं म्हणत असाल.

मी मुलुंडला विजयदादाकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्याने आधी विचारलं, पाटी वाचताना तुला कोणी पाहिलं का. मग समजुतीने बोलला. गावं पहिल्यांदा उभी राहिलीयत, आज वीजघरावर, उद्या कारखान्याच्या गेटवर येतील. आज तू हे बोललीस की उद्या ती घरी बसतील. घागला महिनाभराने परत घेतीलच, सरकारी माणूस आहे. "आणि दामूच्या आईला काय सांगणार? की तुझा मुलगा आमच्या चुकीने मेला? तिला कशाला हे?" त्याच्या प्रत्येक वाक्यात सात शब्द होते आणि शंका एकही नव्हती. आज लोक विजयदादाला वाईट ठरवायला बघतात तेव्हा मला राग येतो. पुढे तो आयुष्यभर मुलुंडच्या त्याच घरात राहिला, कोणाकडून काही घेतलं नाही. तो खोटारडा नव्हता. त्याला फक्त माणसापेक्षा मुद्दा मोठा दिसायचा, आणि तो डोळा त्याने मलाही बसवून दिला होता.

अकरा दिवस मी गप्प बसले. हे अकरा दिवस मी कोणावर ढकलू शकत नाही. जेवत होते, झोपत होते, पत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीचं स्टेन्सिल कापत होते. बाराव्या दिवशी बाबा ड्युटीवरून आले, शर्ट काढून दोरीवर टाकला आणि म्हणाले, तुझी आई म्हणते तू झोपेत भोंगा भोंगा करतेस. मग मी बोलले. आई ओट्याशी पाठ करून उभी, नळ सोडलेला, पण भांडं एकही घासत नव्हती. सगळं ऐकून बाबा पायाचा अंगठा चोळत राहिले. ते युनियनचे माणूस, मालकाच्या बाजूने त्यांनी जन्मात शब्द बोलला नव्हता.

"आमच्या गिरणीत भोंग्यावर एक म्हातारा होता," म्हणाले. "त्याला दुसरं काम येत नव्हतं. वेळेवर वाजवायचा, बस. संपाच्या पहिल्या दिवशी गिरणीत माणूस नाही, तरी त्याने वाजवला. आम्ही गेटवर बसून त्याला शिव्या घातल्या. पण 'वाजवला नाही' असं कोणी म्हटलं नाही, शैले."

आईने नळ बंद केला. "आधी तेच्या आवशीक जावन सांग," ती म्हणाली. दामूची आई म्हणायचं होतं तिला. "मगे वीजघराक कागद लिवन दी."

खारदांड्यात तेव्हा हंगाम संपत आलेला. होड्या वर ओढून ठेवलेल्या, बांबूच्या मांडवांवर शेवटचे बोंबील लटकलेले. हिरामावशी अंगणात जाळं पसरून बसली होती. मी उभ्याउभ्याच सांगायला लागले, कारण बसले असते तर बोलणं झालं नसतं. पाटी सांगितली. पत्रकं सांगितली. भोंगा सांगितला. ती जाळ्याच्या गाठी चाचपत ऐकत होती. माझं संपल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, तो मी कधी विसरणार नाही.

"त्याला आयकू आयलेला?"

"हो."

"मंग?"

"त्याने मला विचारलं, हे काय वाजलं."

"आनी तू बोललीस."

"हो."

तिने जाळं मांडीवरून उतरवलं. मी वाट बघत होते, मारण्याची, ओरडण्याची. मनातून मला ते हवंही होतं. ती म्हणाली, "मना कशाला सांगायला आयलीस? माझा पोर तर गेला. त्या बाईचा माणूस हाय ना जित्ता? लिवून दिलंस?" मी म्हटलं, अजून नाही. "लिव. परवा जाऊ. मी पन येते. मी तिला त्वांडावर बोललीय."

मी लिहून दिलं. साध्या कागदावर, स्वतःच्या नावाने. त्या कागदाचं काय झालं तेही सांगते, कारण गोड शेवट कोणाला हवा असेल तर तो इथे नाही. गावं घरी बसली. कारखान्याने माझा कागद, मंडळ खोटं बोलतं याचा पुरावा म्हणून, वर्तमानपत्रात छापून आणला. मंडळातून मला काढलं, शिरीषने रस्त्यात ओळख देणं सोडलं, आणि पिवळं पाणी पुढे कित्येक वर्षं नदीत येत राहिलं. मला अजूनही राग येतो, त्या कारखान्याचा. पण आता लिहिताना मी आधी पाटी वाचते.

सांगितल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी हिरामावशी एस.टी. स्टँडवर हजर होती. हातात पिशवी, पिशवीत सुके बोंबील. कोणाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही, हे तिचं. वीजघराच्या कचेरीत मी कागद दिला, कारकुनाने वाचून माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. मग आम्ही मागच्या वसाहतीत गेलो. बैठी घरं, दाराशी तुळशी. घागबाईंनी दार उघडलं आणि हिरामावशीला बघून त्यांचा हात तसाच कडीवर राहिला.

"त्या दिवशी मी बोलली ते मागं घेते," हिरामावशी म्हणाली. "तुझ्या माणसाने भोंगा वाजवलेला. मना आता कळलं."

घागबाईंनी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ही कोण?"

हिरामावशी दामूची मैत्रीण म्हणू शकली असती. शेजारीण म्हणू शकली असती. ती म्हणाली, "पत्रक हिने लिवलेलं."

घागबाईंनी पिशवी घेतली. हिरामावशीचा दंड धरून तिला उंबऱ्याच्या आत घेतलं. दार लावलं नाही, आणि मला या म्हटलं नाही. आत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, कपबशा आल्या. घाग असावेत, कोणीतरी खोकलं. मी दुपारच्या उन्हात दाराबाहेर उभी होते. पायरी होती, पण बसायची हिंमत झाली नाही.

थोड्या वेळाने घागबाईंचा आवाज ऐकू आला. त्या हळू विचारत होत्या, तुमच्या मुलाला भोंगा ऐकू तरी आला होता का हो.

"आयलेला," हिरामावशी म्हणाली. "त्याने इचारलं पन होतं."